मुद्दे तेच, बाकं बदलली: युक्रेनचा पैसा आणि अमेरिकन काँग्रेस

इंद्रायणीकाठ (धागाकर्ता)

गेली २२ वर्षं मी न्यू जर्सीत राहतो. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर माझा एक मित्र आहे, मराठीच, पक्का रिपब्लिकन. मार्च २०२२ मध्ये त्यानं दारातल्या हिरवळीवर युक्रेनचा निळा-पिवळा झेंडा रोवला. मला म्हणाला, "पुतिनला इथंच अडवला पाहिजे. पैशाचं नंतर बघू." पुढच्या वर्षी गणपतीत, आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत उभे होतो, तर तोच मित्र म्हणाला, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आपली मेक्सिकोकडची सीमा उघडी टाकून पैसा कीव्हला कशाला?" झेंडा तोवर काढलेला होता.

मधल्या दीड वर्षात युक्रेनमध्ये काय बदललं होतं? आक्रमण करणारा तोच, बॉम्ब झेलणारी शहरंही तीच. बदल झाला होता तो वॉशिंग्टनमध्ये. प्यू या संस्थेच्या पाहण्या बघा. मार्च २०२२ मध्ये "आपण युक्रेनला जरा जास्तच देतोय" असं म्हणणारे रिपब्लिकन आणि त्या बाजूला झुकणारे मतदार ९ टक्के होते. डिसेंबर २०२३ मध्ये ते ४८ टक्के झाले.

त्या रात्री मी त्याच्याशी तावातावानं भांडलो. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, कारण मला २००३ आठवलं. तेव्हा मी नुकताच या देशात आलो होतो. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांनी इराक आणि अफगाणिस्तानसाठी ८७ अब्ज डॉलर्स मागितले होते आणि मी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत सांगत फिरायचो, की इथल्या शाळा गळताहेत आणि पैसा बगदादला चाललाय. मुद्दा हाच होता. फक्त तेव्हा तो माझ्या तोंडी होता.

म्हणून गेले काही महिने जुनी मतदानं आणि भाषणं काढून वाचतोय. एकच उदाहरण सविस्तर देतो, कर्जाचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रम्प म्हणू लागले, की परदेशाला द्यायचा पैसा फुकट देऊ नका, कर्ज म्हणून द्या. एप्रिलमध्ये मंजूर झालेल्या कायद्यात युक्रेन सरकारला थेट मिळणारी आर्थिक मदत खरोखर कर्ज म्हणून घातली गेली, पुढे माफ करता येईल अशी सोय ठेवून. काही डेमोक्रॅट तेव्हा म्हणाले, की बॉम्ब पडत असलेल्या देशाकडून कसली परतफेड मागता?

आता ऑक्टोबर २००३ ला जा. त्या ८७ अब्जांत इराकच्या पुनर्बांधणीसाठी सुमारे २० अब्ज होते. सिनेटनं ५१ विरुद्ध ४७ मतांनी ठरवलं, की त्यातला निम्मा पैसा कर्जाऊ द्यायचा. या ५१ मध्ये बहुतेक सगळे डेमोक्रॅट होते आणि त्यांना मिळालेले मोजके रिपब्लिकन. त्यांचं म्हणणं होतं, की इराककडे तेल आहे, तो फेडेल. आणि बुश यांचं सरकार सांगत होतं, की उद्ध्वस्त देशावर कर्ज लादणं बरं नव्हे. त्यांनी व्हेटोची धमकी दिली आणि शेवटी कर्जाची अट गळाली. वीस वर्षांत बाकं बदलली. वाक्यं जशीच्या तशी पलीकडच्या बाकावर गेली.

दुसरी गोष्ट त्याच ८७ अब्जांची. "मी त्या ८७ अब्जांच्या बाजूनं मत दिलं होतं, मग विरोधात दिलं," हे डेमोक्रॅट उमेदवार सिनेटर जॉन केरींचं वाक्य २००४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्या गळ्यात धोंड्यासारखं अडकलं. पण त्यामागे एक साधा हिशोब होता, तो कुणी ऐकला नाही. त्यांनी आधी मसुद्यातल्या ज्या सुधारणेला मत दिलं, ती म्हणत होती की युद्धाचा खर्च अतिश्रीमंतांची करसवलत कमी करून भागवा, उधारीवर नको. ती सुधारणा केरींबरोबर मांडणारे दुसरे सिनेटर होते जो बायडन. तेच बायडन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर युक्रेनचा पैसा "आणीबाणीचा खर्च" म्हणून मागत राहिले. आणीबाणीच्या खर्चाला कुठून भागवणार ते दाखवावं लागत नाही.

मी स्वतः युक्रेनला मदत द्यायच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. माझा प्रश्न दोन्ही बाजूंना आहे. "पैसा देऊ नका" किंवा "द्या" असं म्हणणारा माणूस आपला पक्ष सत्तेत असतानाही तेच म्हणतो का? मला तरी खरं मत ओळखायची दुसरी खूण सापडलेली नाही. तुम्हाला काय वाटतं?

वऱ्हाडकर

लेख मनापासून आवडला, पण एका गोष्टीशी सहमत नाही. मत बदलणं म्हणजे लबाडी नव्हे. २०२२ मध्ये वाटत होतं की काही महिन्यांचं प्रकरण आहे. २०२३ चा उन्हाळी प्रतिहल्ला फसला, आघाडी जागची हलेना. अशा वेळी करदात्यानं "आणखी किती?" असं विचारलं तर त्याला पक्षाचा भाट कसं म्हणायचं? व्हिएतनामच्या वेळी लोकांनी हाच प्रश्न फार उशिरा विचारला. एप्रिल १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी दक्षिण व्हिएतनामसाठी ७२२ दशलक्ष डॉलर्स मागितले, काँग्रेसनं दिले नाहीत, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला सायगाव पडलं. त्या काँग्रेसला दोष देणारे आहेत, पण तो पैसा दिला असता तर सायगाव वाचलं असतं असं मला वाटत नाही.

शिवाय युक्रेनच्या सरकारी नोकरांचे पगार आणि पेन्शनीसुद्धा अमेरिकन पैशातून जात होत्या. ओहायोतल्या बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारानं ते का सोसावं? हा प्रश्न मला प्रामाणिक वाटतो.

इंद्रायणीकाठ

वऱ्हाडकर दादा, प्रश्न प्रामाणिक आहे, मान्य. पगार आणि पेन्शनीचा पैसा जागतिक बँकेमार्फत जात होता. त्याला विरोध करणारा माणूस कळकळीनं बोलत असेल तर मी त्याचं ऐकून घेईन. पण काँग्रेसमधली कळकळ तपासायला एक दिवस पुरेसा आहे: शनिवार, २० एप्रिल २०२४.

त्या दिवशी एकाच, कनिष्ठ सभागृहात, काही तासांच्या आत, दोन वेगळी मतदानं झाली. युक्रेनसाठी सुमारे ६१ अब्ज: बाजूनं ३११, विरोधात ११२. विरोधातले सगळेच्या सगळे रिपब्लिकन. इस्रायलसाठी सुमारे २६ अब्ज, त्यात गाझासाठीची मानवी मदतही धरलेली: बाजूनं ३६६, विरोधात ५८. त्या ५८ मध्ये रिपब्लिकन फक्त २१.

तिजोरी तीच, कर्जाचा डोंगर तोच, सीमाही तेवढीच उघडी. तरीही ११२ चे २१ झाले. "परदेशाला पैसा नको" हे तत्त्व असतं तर दोन्ही आकडे जवळपास सारखे आले असते. आणि पलीकडे बघा. युक्रेनला एकाही डेमोक्रॅटनं विरोध केला नाही, इस्रायलला ३७ जणांनी केला. त्यातल्या काहींची कारणं मला पटतात, पण "मित्रदेशाला दिलेला शब्द पाळला पाहिजे" हे वाक्य तेवढ्या दिवसापुरतं त्यांच्यातल्या कुणी उच्चारलं नाही. आपला तो बाब्या आणि लोकांचं ते कार्टं.

केंटकीचे रिपब्लिकन थॉमस मॅसी यांनी दोन्हींना नाही म्हटलं. मला त्यांचं मत मुळीच पटत नाही, पण ते मत आहे.

कातरवेळ

मला आकड्यांतलं फारसं कळत नाही. माझी भाची खारकीव्हला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला होती. २४ फेब्रुवारीला पहाटे तिचा फोन आला, मागे धडधड ऐकू येत होती. सहा दिवस मेट्रो स्टेशनच्या फलाटावर काढले. मग गर्दीनं भरलेल्या रेल्वेतून उभ्यानं पश्चिमेकडे, तिथून हंगेरी, आणि ऑपरेशन गंगाच्या विमानानं मायदेशी. अंगावर जे होतं तेवढंच घेऊन आली. ती ज्या मावशींच्या घरी भाड्यानं राहायची, त्यांनी निघताना तिला काकडीच्या लोणच्याची बरणी दिली. रस्त्यात ती फुटली, पण तिनं झाकण जपून आणलं. आमच्या देवघराशेजारी आहे ते.

त्या मावशी अजून तिथंच आहेत. २०२४ च्या सुरुवातीला मदत अडकली तेव्हा त्या भाचीला म्हणाल्या होत्या, की आता विमानविरोधी क्षेपणास्त्रं जपून वापरतात, पूर्वी जी हवेत पाडायचे त्यातली काही आता खाली पडतात. तुमच्या काँग्रेसमधला एकेक आठवडा तिथं कसा मोजला जात होता ते कळावं म्हणून लिहिलं.

जुनापेठकर

कातरवेळ ताई, वाचून गलबलून आलं.

त्या अडकण्याचाच क्रम मांडतो, कारण मुद्दे कसे सरकतात हे त्यात फार स्पष्ट दिसतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बायडन यांनी युक्रेन, इस्रायल, तैवान आणि सीमा मिळून सुमारे १०६ अब्ज मागितले. सिनेटमधले रिपब्लिकन म्हणाले, सीमेचा कडक कायदा जोडा, तरच युक्रेन. ठीक. ओक्लाहोमाचे रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड चार महिने दोन डेमोक्रॅट बाजूच्या सिनेटरांबरोबर बसले आणि मसुदा आणला. गेल्या कित्येक वर्षांत डेमोक्रॅट्सनी मान्य केलेला सीमेबद्दलचा सगळ्यात कडक मसुदा. ट्रम्प म्हणाले, नको. त्यांना सीमेचा प्रश्न निवडणुकीपर्यंत पेटता हवा होता. ७ फेब्रुवारी २०२४ ला तो ४९-५० नं पडला. ज्यांनी अट घातली त्यांनीच अट पूर्ण झाल्यावर पाठ फिरवली.

सहा दिवसांनी सिनेटनं सीमेचा भाग काढून ९५ अब्जांचा मसुदा ७०-२९ नं संमत केला. मग कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष माइक जॉन्सन म्हणाले, यात सीमा कुठंय? आणि तो दोन महिने टेबलावर पडून राहिला. १७ फेब्रुवारीला पूर्व युक्रेनमधलं आवदिवका शहर रशियाच्या हाती पडलं. तोफगोळ्यांची टंचाई हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

जॉन्सन यांच्याबद्दल मात्र मला आदरही वाटतो. मे २०२२ चे ४० अब्ज मंजूर झाले तेव्हा विरोध करणाऱ्या ५७ जणांत ते होते. अध्यक्ष झाल्यावर गुप्तचरांची माहिती रोज समोर येऊ लागली आणि माणूस बदलला. "आपली मुलं पाठवण्यापेक्षा मी युक्रेनला गोळ्या पाठवीन," असं म्हणून त्यांनी स्वतःची खुर्ची पणाला लावली. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्याच आधीचे अध्यक्ष मॅकार्थी २१६-२१० नं घरी गेले होते, आणि त्या वेळी डेमोक्रॅट्सनी बोट उचललं नव्हतं. जॉन्सनवर तीच वेळ आणायचा प्रयत्न झाला तेव्हा डेमोक्रॅट्सनी त्यांना वाचवलं.

प्रश्नकर्ता

अहो, पण एक गोष्ट कुणीच बोलत नाही. १ अब्ज डॉलर्सची शस्त्रं युक्रेनमधून गायब झाली, हे खुद्द पेंटॅगॉनच्या, म्हणजे अमेरिकन संरक्षण खात्याच्या, अहवालात होतं. मग विरोध करणारे चुकले कुठं? आणि एकूण ३५० अब्ज दिले म्हणतात.

इंद्रायणीकाठ

प्रश्नकर्ता, दोन्ही गोष्टी मीही ऐकल्या होत्या, म्हणून शोधल्या. जानेवारी २०२४ चा पेंटॅगॉनच्या महातपासनीसांचा अहवाल असं सांगतो, की ज्या शस्त्रांवर विशेष नजर ठेवायची असते, त्यांतल्या १ अब्जाहून जास्त किमतीच्या शस्त्रांची नोंद वेळेवर झाली नव्हती. चोरीला गेली असा पुरावा त्यात नाही. आपल्याकडे सोसायटीच्या ऑडिटमध्ये पावत्या वेळेवर लावल्या नाहीत असा शेरा येतो, त्याचा अर्थ कुणी अफरातफर केली असा होत नाही, तसंच. पण शेरा गंभीरच आहे, तो झटकून टाकू नये.

३५० अब्ज हा ट्रम्प यांचा आकडा. काँग्रेसनं एकूण मंजूर केलेला पैसा सुमारे १७५ अब्जांचा, आणि तोही सगळा युक्रेनला गेलेला नाही.

तपासनीसावरून मला माझ्या बाजूचंही एक सांगायचंय. २००३ मध्ये इराकच्या त्याच ८७ अब्जांच्या कायद्यात वेगळा महातपासनीस बसवला गेला आणि डेमोक्रॅट त्यासाठी आग्रही होते. मे २०२२ मध्ये रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल यांनी युक्रेनच्या ४० अब्जांसाठी तेच मागितलं, तपासनीसाची तरतूद मसुद्यातच घाला म्हणाले. दोन्ही पक्षांचे नेते नाही म्हणाले आणि पॉल वेळ घालवताहेत असं माझ्यासारखे लोक समाजमाध्यमांवर लिहीत होते. मी लिहिलं होतं. आज वाचून वाईट वाटतं. तेव्हा तो तपासनीस बसवला असता तर २०२४ चा शेरा आला तेव्हा आमच्याकडे उत्तर असतं.

स्क्रँटनकर

पैसा युक्रेनला गेला म्हणजे काय झालं, हे मी जवळून बघते म्हणून लिहिते. आमच्या स्क्रँटन गावात, अगदी मध्यवस्तीत, जुन्या रेल्वेच्या विटांच्या इमारतीत लष्कराचा तोफगोळ्यांचा कारखाना आहे. शेजारी रेल्वेचं संग्रहालय. मुलाला घेऊन जाते तेव्हा एकीकडे वाफेची इंजिनं आणि कुंपणापलीकडे हा कारखाना. पोलादाच्या लांब सळया येतात, कापतात, भट्टीत लालभडक करतात आणि दाबयंत्राखाली १५५ मिलिमीटरच्या गोळ्याचा पोकळ देह तयार होतो. दारू इथं भरत नाहीत. त्यासाठी गोळे आयोवाला जातात. युद्धाआधी अमेरिका महिन्याला सुमारे १४,००० गोळे बनवायची, २०२५ पर्यंत ते त्याच्या जवळपास तिप्पट झाले.

तेव्हा साधारण पद्धत अशी होती, की लष्कर आपल्या कोठारातली जुनी शस्त्रं युक्रेनला द्यायचं आणि काँग्रेसच्या पैशातून नवी बनवून कोठार भरायचं. एप्रिल २०२४ च्या ६१ अब्जांतले सुमारे २३ अब्ज निव्वळ अमेरिकन कोठारं भरायला होते. म्हणजे नोटांनी भरलेलं विमान कीव्हला गेलं नाही, पगार इथं झाले. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा तिथं लागला. काकू मत देतात ट्रम्पना.

हा "इथंच रोजगार मिळतो" मुद्दाही सरकतोच. २०२४ मध्ये तो बायडन आणि सिनेटमधले रिपब्लिकन नेते मॅकॉनेल दोघेही हिरिरीनं मांडत होते. मला स्वतःला तो आवडत नाही. युद्ध न्याय्य असेल तर लढावं, नसेल तर नाही. माझ्या गावात नोकऱ्या येतात म्हणून कुणाच्या गावावर गोळे पडावेत, हे मनाला पटत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये झेलेन्स्की इथं येऊन कामगारांचे आभार मानून गेले. सोबत आमचे डेमोक्रॅट गव्हर्नर. लगेच जॉन्सन यांनी पत्र लिहिलं, की हा प्रचार आहे, युक्रेनच्या राजदूताला हटवा. गोळ्यांसाठी आभार मानायला कारखान्यात यायचं नाही तर कुठं जायचं? पण गव्हर्नरसोबत एखादा रिपब्लिकन नेता उभा करायला हवा होता, हेही खरं. निवडणुकीला सहा आठवडे राहिलेले आणि राज्य पेनसिल्व्हेनिया.

जुनापेठकर

स्क्रँटनकर ताई, तुमच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदासाठी हात जोडतो.

थोडं मागं जाऊन लिहितो. १९४१ चा लेंड-लीज कायदा. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आपण पाण्याची नळी देतो, आधी तिची किंमत मागत नाही, असं रूझवेल्ट म्हणाले होते. त्यावर रिपब्लिकन सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट यांचं उत्तर, की शस्त्रं उसनी देणं हे च्युइंगम उसनं देण्यासारखं आहे, परत कुणाला हवं असतं? कनिष्ठ सभागृहात २६०-१६५. बहुतेक रिपब्लिकन विरोधात.

सहा वर्षांनी, १९४७ मध्ये, ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४०० दशलक्ष मागितले तेव्हा काँग्रेस रिपब्लिकनांच्या हातात होती आणि त्यांनी दिले. महायुद्धाआधी परदेशाच्या भानगडीत पडूच नये म्हणणारे मिशिगनचे रिपब्लिकन सिनेटर व्हँडनबर्ग त्यात पुढं होते. ऐंशीच्या दशकात रेगन यांना निकाराग्वाच्या बंडखोरांना पैसा द्यायचा होता, तर डेमोक्रॅट्सनी बोलंड सुधारणा आणून तो थांबवला. म्हणजे बाकं काही पहिल्यांदाच बदललेली नाहीत.

सोलापूरकर

भारतातून लिहितोय. आम्हाला वाटायचं हे तुमचं तिकडचं भांडण. माझ्या मामेभावाचा टॉवेलचा कारखाना आहे, बराच माल अमेरिकेला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाचं तेल घेतल्याबद्दल भारताच्या मालावर अमेरिकेचं जादा २५ टक्के आयातशुल्क लागलं, एकूण ५० टक्के झालं. गणपतीच्या दिवशीच, २७ तारखेला. त्या आठवड्यात त्यानं रात्रपाळी बंद केली. चाळीस बायकांना घरी बसावं लागलं, त्यातल्या दोघी आमच्याच गल्लीतल्या.

माझा एकच प्रश्न. पैसा देताना तुमच्या काँग्रेसमध्ये दोन वर्षं भांडण चाललं. मग दुसऱ्यावर बोजा टाकताना ते भांडण कुठं गेलं?

इंद्रायणीकाठ

सोलापूरकर, तुमच्या प्रश्नानं मला गप्प केलं. ते जादा शुल्क काँग्रेसनं नव्हे, राष्ट्राध्यक्षांनी आपल्या आदेशानं लावलं, त्यावर मतदान झालंच नाही. पण काँग्रेसही वेगळ्या विचाराची नव्हती. रिपब्लिकन ग्रॅहम आणि डेमोक्रॅट ब्लूमेंथल यांनी एप्रिल २०२५ मध्ये, रशियाचं तेल घेणाऱ्यांवर ५०० टक्के शुल्काचा मसुदा आणला, त्यावर ८० हून जास्त सिनेटरांनी नावं घातली. युक्रेनच्या ६१ अब्जांवर जे सहा महिने एकत्र येऊ शकले नाहीत, त्यातले बरेच इथं एका कागदावर आले. तुमच्या गल्लीतल्या त्या दोघींना इथं मत नाही. मला दुसरं कारण सापडत नाही.

वऱ्हाडकर

धागाकर्ते, तुमच्या मित्राचं पुढं काय झालं? आता तर युरोपचे देश अमेरिकन शस्त्रं विकत घेऊन युक्रेनला देतात, जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनीच जाहीर केलं. करदात्याचा पैसा नाही. मग त्यांचा विरोध मावळला का?

इंद्रायणीकाठ

परवाच विचारलं. म्हणाला, "ते पैसे देत असतील तर हवी तेवढी द्या, पुतिनला अडवलाच पाहिजे." मी म्हटलं, २०२२ मध्येही तू हेच म्हणाला होतास. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि २००३ मध्ये तू काय म्हणत होतास, ते मला सांगितलंच नाहीस कधी." मी सांगितलं, सगळं सांगितलं.

बोलणं त्याच्या गॅरेजमध्ये चाललं होतं. बर्फाचं फावडं काढायला म्हणून त्यानं वरच्या फळीवरची खोकी हलवली, तर मागं तो झेंडा होता. नीट घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला.